पेठेतला दिवस कधी बुडतो

माझ्या आईचा सूर्य कॅलेंडरपेक्षा अर्धा तास आधी मावळतो, आणि याबद्दल तिची काहीच तक्रार नाही. तक्रार माझी आहे. भाद्रपद तोंडावर आला, पर्युषण लागलं, की मी पुण्याहून आठ दिवसांसाठी नारायणगावला येते, आणि दर वर्षी पहिल्याच संध्याकाळी आमचं वाजतं. आम्ही जैन. सूर्य मावळला की आई अन्न घेत नाही, पाण्याचा थेंबही घेत नाही. आता ती ऐंशीची झाली, डॉक्टरांनी पाणी भरपूर प्या म्हणून बजावलंय. भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यात सूर्यास्ताची वेळ छापलेली आहे. माझ्या मोबाइलमध्ये तर मिनिटासकट आहे. पण ही बाई दोन्हींकडे बघत नाही. ती फोनची वाट बघते. फोन हौसामावशीचा असतो. "बुडाला गं कमल, आवर," एवढंच मावशी म्हणते, आणि आई हातातलं भांडं खाली ठेवते.

हौसामावशी आमची कोणी नात्यातली नाही. ती पेठेत आमच्यासमोर राहायची, एवढंच. पण पेठेत 'समोर राहणं' हे नातंच होतं, आणि चुलत-मावसपेक्षा ते जरा जवळचंच.

आता नारायणगावात येणाऱ्याला पेठ दाखवली तर तो म्हणेल, हा काय, साधा रस्ता आहे. मधे दुभाजक, दोन्ही बाजूंना मोबाइलची दुकानं, क्लासचे बोर्ड, एटीएम. बायपास झाल्यापासून पुणे-नाशिकची वाहतूक गावाबाहेरून जाते आणि पेठेत माणूस रस्ता ओलांडताना फोनवर बोलू शकतो. आमच्या लहानपणी असं बोलत ओलांडलं असतं तर घरी परत आलो नसतो. पुण्याचं नाशिकला आणि नाशिकचं पुण्याला जे काही जायचं ते आमच्या पायरीवरून जायचं. ट्रक, एसटी, टोमॅटोचे टेम्पो, आणि 'जुन्नर, जुन्नर, जुन्नर' करत माणसं कोंबणाऱ्या जीपा. आमचं भांड्यांचं दुकान. सकाळी पुसलेल्या पितळी घागरीवर दुपारी बोटानं नाव लिहिता यायचं, इतकी धूळ. प्रत्येक दुकानाला ओटा होता, आणि ओट्यावर कोण बसलंय याची दुकानदारानं चौकशी करायची पद्धत नव्हती. बाजाराच्या दिवशी महाळुंग्याकडचे शेतकरी आमच्या ओट्यावर भाकरी सोडायचे, पाणी आमच्याकडचं प्यायचे, आणि भांडी पुढच्या दुकानातून घ्यायचे. भाऊ, म्हणजे माझे वडील, त्यांना हसून निरोप द्यायचे आणि मग आत येऊन आईजवळ कुरकुर करायचे.

आमचं दुकान रस्त्याच्या पश्चिमेला, तोंड पूर्वेकडे. वरच्या दोन खोल्यांत सकाळचं ऊन भरपूर, पण मागे आमच्या पत्र्यापर्यंत गेलेली गोदामाची भिंत, त्यामुळे संध्याकाळ आम्हाला कधी दिसलीच नाही. मावशीचं घर बरोबर उलटं. खालचा गाळा कासारभाऊंच्या बांगड्यांना भाड्यानं दिलेला, वर मावशीचं बिऱ्हाड, आणि तिच्या उंच माडीच्या खिडकीतून आमच्या पत्र्यावरून थेट जुन्नरकडचे डोंगर दिसायचे. मावशीचे यजमान, तात्या, दिवसभर वारूळवाडीच्या शेतावर. टोमॅटो, द्राक्षं, दोन म्हशी. मावशी अर्धा दिवस शेतात आणि अर्धा दिवस खिडकीत.

आई लग्न होऊन पेठेत आली तेव्हा पहिल्याच महिन्यात एकदा कामाच्या नादात तिचा दिवस बुडाला आणि ती उपाशी झोपली. सासरी नवी, कोणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी मावशीनं तिचं सुकलेलं तोंड बघितलं आणि खोदून खोदून विचारलं. तुमच्यात घड्याळ नाही का, म्हणाली. घड्याळ होतं, पण दुकान वेळेवर उघडावं म्हणून भाऊंनी ते दहा मिनिटं पुढे लावलं होतं, आणि कोणीतरी परत मागे लावायचं, त्यामुळे त्याच्यावर घरातल्या कोणाचाच विश्वास नव्हता. मावशी म्हणाली, घड्याळ राहू दे, मी सांगत जाईन. त्या दिवसापासून सूर्य डोंगराला टेकला की खिडकीतून हाक यायची. डोंगर मधे असल्यामुळे तो छापील वेळेच्या बारा मिनिटं आधीच बुडायचा. भाऊ कॅलेंडर बघून निवांत जेवायचे आणि म्हणायचे, आमच्या घरात दोन सूर्य आहेत, त्यातला कमलचा जरा घाईत असतो. आई ऐकून घ्यायची. पण तिचं मत ठाम होतं. कॅलेंडर छापणाऱ्यानं आमची पेठ कुठे बघितलीय?

हळूहळू अख्खी पेठ त्या हाकेवर चालायला लागली. कासारभाऊ उदबत्ती लावायचे, चहावाला शेवटचं आधण ठेवायचा. जुन्नरच्या जीपवाल्यांनासुद्धा ठाऊक होतं की मावशी ओरडली म्हणजे आता शेवटच्या दोन फेऱ्या.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, श्रावण संपत आला होता. मोजणीची माणसं आली, फीत धरली, भिंतींवर लाल रंगाच्या रेघा मारून गेली. आमच्या बाजूचे ओटे तर जाणारच होते, शिवाय दुकानाचे पाच फूट. समोरच्या बाजूला नुसत्या पायऱ्या. भाऊंनी आयुष्यात गिऱ्हाइकावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी ओट्यावर दहा माणसांदेखत ते तात्यांना बोलले. मोजणीवाल्यांना घरात नेऊन चहा पाजलात, म्हणून फीत आमच्याकडे सरकली, असं म्हणाले. चहा पाजला होता, हे खरं. पण मावशी कोणालाही पाजायची. तात्यांनी टोपी नीट केली आणि ते वारूळवाडीच्या वाटेला लागले. खरी गोष्ट अशी की रस्ता मुळातच वाकडा होता आणि आमच्या बाजूची दुकानं त्याच्या पोटात शिरलेली होती. हे एका म्हाताऱ्या गवंड्यानं आम्हाला पुढे सांगितलं. पण बोलणं तर होऊन गेलं होतं, आणि मावशीची खिडकी बंद झाली होती.

तीन संध्याकाळी हाक आली नाही. चौथ्या दिवशी पर्युषण लागलं. आईनं त्या वर्षी अठाई धरली होती, म्हणजे आठ दिवस सलग उपवास. फक्त उकळून गार केलेलं पाणी, आणि तेही दिवस असेपर्यंतच. संध्याकाळी शेवटचा घोट घ्यायचा, हात जोडून नेम घ्यायचा, की मग दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर येईपर्यंत तोंड बंद. पहिल्या दिवशी ती पेला घेऊन पुढच्या खोलीत बसली. बंद खिडकीकडे बघत होती, पण मान्य करत नव्हती.

आणि खिडकी उघडली. मावशीनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकून म्हणाली, "आवरा ओ कासारभाऊ, दिस बुडाला." कासारभाऊ बिचारे वर बघत राहिले. त्यांना आवरायचं काहीच नव्हतं, समोर गिऱ्हाइकाच्या हातात निम्म्या बांगड्या भरून झाल्या होत्या. आईनं पाणी प्यायलं, हात जोडले. दुसऱ्या दिवशी कासारभाऊंच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ते आमच्या घरात ऐकू जाईल असं खणखणीत म्हणाले, हो मावशी, आवरतो. अबोला असा पाळतात आमच्या पेठेत. मला हसू यायचं आणि आई मला डोळे मोठे करून गप्प करायची.

सहाव्या दिवशी आभाळ काळंकुट्ट होतं. पाऊस नाही, नुसते ढग. टोमॅटोचे टेम्पो अडकलेले, हॉर्नचा गदारोळ. आईचा आवाज तोपर्यंत खोल गेला होता, ओठांना चिरा पडल्या होत्या. ती पाणी हळूहळू, घोट घोट घ्यायची. पेला निम्मा झाला असेल नसेल, तोच मावशीची हाक आली की दिस बुडाला. आईनं पेला ठेवला, डोळे मिटले, हात जोडून नेम घेतला.

पाच मिनिटांनी ढग फाटले आणि सूर्य बाहेर आला. चांगला हातभर वर होता. सगळी पेठ पिवळी झाली. समोरच्या भिंतीवर ऊन चढलं आणि त्या उजेडात आमच्या दुकानात टांगलेल्या कळशा चमकायला लागल्या. हॉर्नसुद्धा क्षणभर थांबले, असं मला अजून वाटतं. मी आईला म्हटलं, पी ना गं, अजून पुष्कळ वेळ आहे. ती नाही म्हणाली. मी रागावले, भाऊ रागावले. भाऊ तर म्हणाले, मुद्दाम केलं तिनं, सूड घेतला. त्यावर आई सहा दिवसांच्या उपवासानंतर जेवढा आवाज निघेल तेवढ्यानं म्हणाली, "तिनं सांगितलं बुडाला, म्हणजे बुडाला. तिच्याबद्दल बोलायचं नाही." मी खिडकीकडे पाहिलं. मावशी तोंडावर पदर धरून उन्हाकडे बघत उभी होती. मग तिनं खिडकी लावून घेतली.

त्या रात्री मावशीच्या पोटातही पाणी गेलं नाही. हे मला किती तरी वर्षांनी तिच्या सुनेनं सांगितलं.

सातव्या दिवशी खिडकी उघडलीच नाही. भाऊ कॅलेंडरातली वेळ मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि आई ती कानाआड करत होती. हाक नाही, म्हणजे कधी बुडणार ते कळणार नाही, म्हणून तिनं चांगलं लख्ख ऊन असतानाच पेला ठेवून दिला. मला तेव्हा आईचा इतका राग आला, आणि इतकं वाईट वाटलं, की मी जिन्यात जाऊन रडले.

आठवा दिवस संवत्सरीचा. वर्षभरात ज्याचं मन दुखावलं असेल त्याची हात जोडून माफी मागायची, लहानाची आणि मोठ्याची, आपलं चुकलं असो नसो. आदल्या दिवशी गणपती बसले होते, चौकात मांडव होता, आणि त्या दिवशी ऋषिपंचमी, म्हणजे समोर मावशीलाही उपास. आई सकाळी स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, जाऊन आली आणि घरात न शिरता रस्त्याकडे वळली. मी तिचा दंड धरला. रस्ता ओलांडायचा म्हणजे ट्रकांमधून वाट काढायची. तिनं दोन पावलं टाकली असतील, मावशीनं वरून बघितलं आणि तिथूनच थांब, येऊ नकोस म्हणून ओरडली. मग जिन्यावर तिच्या पायांचा धडधड आवाज. ती अनवाणीच आली, आणि दोघी रस्त्याच्या बरोबर मधोमध भेटल्या.

आईनं हात जोडले. मनानं, बोलण्यानं, वागण्यानं तुझं मन दुखावलं असेल तर मला माफ कर, असं आमच्या पद्धतीचं सगळं ती म्हणायला लागली. मावशीनं तिचे जोडलेले हात धरले.

"थांब तू," ती म्हणाली. "आठ दिसाची उपाशी बाई, आन् माझी माफी मागती व्हय? पानी म्या तोडलं तुझं."

"तू सांगितलंस बुडाला. मी ऐकलं."

"न्हाई बुडाला व्हता. ढग व्हता त्यो. मला वाटलं, उशीर नको व्हायला, तुझा नेम मोडंल. लई वंगाळ झालं माझ्याकडनं, कमल."

एक जीपवाला मागून हॉर्न वाजवत होता. त्यानं डोकं बाहेर काढून बघितलं आणि इंजिन बंद केलं. त्याच्यामागे रांग लागली. दोघी रडत होत्या आणि मी ट्रकवाल्यांना हातानं थांबवत होते, जशी काही मी पोलीस. भाऊ ओट्यावर उभे राहून सगळं बघत होते. दुपारी ते कोणाला न सांगता जीपमध्ये बसून वारूळवाडीला गेले आणि वावरात जाऊन तात्यांची माफी मागून आले. येताना हातात टोमॅटोची पिशवी. पर्युषणात आमच्यात ताज्या भाज्या चालत नाहीत, हे भाऊंना माहीत होतं, तात्यांनाही माहीत होतं. पण त्या दिवशी नाही कोण म्हणणार? पिशवी दुसऱ्या दिवसापर्यंत कोपऱ्यात राहिली. दुसऱ्या दिवशी आईचा उपवास सुटला, तेव्हा मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा मावशीनं तिच्या तोंडात घातला.

ओटे गेले. पाच फूट गेले. मग बायपासची बातमी आली आणि ज्या रस्त्यासाठी एवढं रामायण झालं तो एक दिवस नुसता रिकामा झाला. चहावाला बायपासला गेला, जीपांचा थांबा हलला. कासारभाऊंच्या मुलानं बांगड्या काढून मोबाइलची कव्हरं टांगली. भाऊ गेले, तात्या गेले. मी एकुलती एक, पुण्यात. दुकान चालवणार कोण? आम्ही ती जागा विकली. नवीन मालकानं तिथे चार मजले चढवले. आता एवढंच लक्षात घ्या की हौसामावशीच्या खिडकीसमोर जे चार मजले उभे आहेत, ते आमच्या जागेवर उभे आहेत.

आई आता वारूळवाडीच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये असते. कामाला एक बाई येते, शेजार चांगला आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदा आईला स्वतःची संध्याकाळ मिळालीय. पश्चिमेची मोठी खिडकी, समोर काही नाही. शेतं, मग डोंगर. सूर्य जाताना तिच्या ताटात येऊन जातो. पण फ्लॅटमध्ये आली त्याच आठवड्यात तिनं मावशीला फोनवर सांगितलं, इथून काही दिसत नाही गं, समोर बिल्डिंग आहे. मी शेजारी उभी होते. आयुष्यभर खोटं न बोललेली बाई. आणि पलीकडून मावशी म्हणाली, मला दिसतंय की कडंनं, मी सांगत जाईन.

तेव्हापासून रोज फोन. सुरुवातीला बारा मिनिटांचाच फरक असायचा. या दोन वर्षांत तो वाढत वाढत अर्ध्या तासावर गेला, आणि मला कळेना की मावशी इतकी घाई का करतेय. यंदा तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की जाऊन सांगून टाकायचं. मावशी, आईला घरातून लख्ख दिसतो सूर्य, तू त्रास घेऊ नकोस. आईशी वाद घालून उपयोग नव्हता.

मी गेले तेव्हा मावशीची सून जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. मला बघून तिनं कपाळाला हात लावला. रोज चढतात ओ, म्हणाली, ऐकत न्हाईत. मावशी गच्चीवर होती. दोन्ही गुडघे गेलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. कठड्याला धरून उभी, आणि फोन पदराच्या गाठीत बांधलेला. खिडकीतून तर कधीच काही दिसत नव्हतं, समोर सिमेंटची भिंत. गच्चीवरूनही आमच्या जागेवरचे चार मजले, आणि त्यांच्यावर नुकत्याच बसवलेल्या पाण्याच्या काळ्या टाक्या. सूर्य त्या टाक्यांच्या मागे चालला होता. आजूबाजूचं आभाळ अजून पांढरं स्वच्छ होतं.

"गेला बघ डोंगराआड," मावशी म्हणाली आणि गाठ सोडून फोन काढायला लागली.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "त्या साली चुकले व्हते मी. तवापासनं एक दिस चुकवला न्हाई पोरी. आजारी व्हते तवा सुनंला चढवली, पण चुकवला न्हाई."

मी तिला हात धरून खाली आणलं, तिच्याकडचा चहा प्यायला आणि परत आले. काही बोलले नाही.

घरी येऊन आईला मात्र सगळं सांगितलं. गच्ची, गुडघे, टाक्या. माहीत आहे मला, आई म्हणाली. समोर मजला चढला की फोन आणखी लवकर, टाक्या बसल्या तसा त्याहून लवकर, मला कळत नाही का? मग मी चिडले. म्हटलं, अगं, मग तिला खरं सांग ना. तू पाणी पीत नाहीस, ती जिने चढते, काय चाललंय तुम्हा दोघींचं? आई म्हणाली, मी दुपारी तीनपासूनच प्यायला लागते, तू काळजी करू नकोस. आणि पुढे म्हणाली, "तिचा सूर्य आपल्या जागेनं अडवला. तिनं एका शब्दानं कधी म्हटलं नाही. आता तिला सांगू, की तू रोज चुकतेस म्हणून?"

काल संवत्सरी होती. सकाळी आईनं पहिला फोन मावशीला लावला. मनानं, बोलण्यानं, वागण्यानं, जाणता, अजाणता. मावशीही तिकडून तेच म्हणत होती, आता तिलाही ते पाठ झालंय. एवढ्या माफीत आईनं आपली खिडकी सांगितली नाही आणि मावशीनं आपली गच्ची.

संध्याकाळी आई खिडकीशी बसली होती, हातात पाण्याचं भांडं. मी समोर चहा घेऊन बसले. पुण्यात मी हे काही पाळत नाही, आई त्यावर बोलत नाही. फोन वाजला. "बुडाला गं कमल, आवर."

"हो गं, आवरते," आई म्हणाली. भांड्यात पाणी शिल्लक होतं. तिनं ते खाली ठेवलं.

सूर्य डोंगरावर चांगला हातभर होता. ऊन सगळ्या खोलीत होतं, आईच्या मांडीवर होतं, भांड्यातल्या पाण्यात होतं. मी म्हटलं, आई, अजून आहे गं.

"बुडाला," आई म्हणाली आणि तिनं हात जोडले.

माझा कप निम्मा भरलेला होता. मी तो खाली ठेवला.